राखीव किनाऱ्यावरच्या बाई

जेवणाची वेळ टळून गेली तरी स्वयंपाकघरातून हाक आली नाही, तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मागच्या अंगणात त्यांनी एका होडीचं इंजिन खोलून मांडलं होतं. धंदा बंद करून वर्षं झाली होती, पण धक्क्यावरचे लोक त्यांना सोडत नव्हते, आणि खरं सांगायचं तर हात काळे झाल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसे. चिंधीला बोटं पुसत ते आत आले. शेगडीवर भांडं नव्हतं. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या आणि पुढचं दार सताड उघडं.

चपलेत पाय सरकवून ते फाटकापर्यंत पोचले, तोच रस्त्याच्या वळणावर बाई दिसल्या. उन्हाची ती जुनी रुंद टोपी डोक्यावर नव्हती. उलटी करून त्यांनी ती दोन्ही हातांत धरली होती, काठोकाठ भरलेलं भांडं सांभाळावं तशी. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत ओल्या रेतीनं माखलेले.

"अगं, कुठे गेली होतीस?"

बाई त्यांच्या बाजूनं आत गेल्या. टोपी टेबलावर अलगद ठेवली आणि मग वळून हसल्या, ओठ दाबून, चोरून काही केलेल्या लहान मुलीसारख्या.

"मी एकटी गेले होते ते आईला सांगू नका हं. रागवेल. अंडी बघितली की मग काही बोलायची नाही."

टोपीत सुरय पक्ष्यांची अंडी होती. रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके, एकमेकांना टेकून बसलेली. मिस्त्री टोपीवर वाकले. आपल्याला इंजिनाशिवाय काही कळत नाही असं ते सगळ्यांना सांगायचे, पण ही अंडी त्यांना कळत होती. असं एकेक अंडं वाचवण्यासाठी त्यांच्या बायकोनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

तिला सारं गाव बाईच म्हणायचं. ज्या मुलांना त्यांनी शिकवलं त्यांची मुलंही पुढे त्यांच्याच वर्गात बसली. लग्नानंतर मिस्त्रीही थट्टेनं 'बाई' म्हणू लागले, आणि ती थट्टा इतकी अंगवळणी पडली की दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली असती तर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

गावाबाहेर, खाडीच्या तोंडाशी, समुद्रात घुसलेला रेतीचा एक लांब दांडा होता. त्याच्या आतल्या अंगाला खाऱ्या पाण्याची दलदल. पूर्वी त्या जागेला धनी नव्हता. कोणी तिथून लव्हाळे कापून न्यायचं, कोणी गळाला लावायला किडे खणायचं, कोणाचं घर पाडलं की त्याचा राडारोडा तिथेच जाऊन पडायचा. सुरय पक्षी वीण घालायला आले की गरिबाघरची पोरं टोपल्या घेऊन अंडी वेचायला जायची. आणि रेतीचे ट्रक तर बारा महिने चालूच. त्या ट्रकवाल्यांतला सगळ्यात मोठा म्हणजे बाईंचा पाठचा भाऊ. गाव त्याला रेतीवाला म्हणे. घरात मात्र तो म्हातारा झाला तरी छोट्याच राहिला.

एका वर्षी बाई चौथीचा वर्ग घेऊन दांड्यावर गेल्या, मुलांना घरटी दाखवायला. घरटी म्हणजे तरी काय, रेतीत पोटानं केलेला खळगा. मुलं हिंडहिंड हिंडली आणि बहुतेक ठिकाणी त्यांना ट्रकच्या चाकांचे माग सापडले. एक मुलगी रडायला लागली. बाई घरी आल्या त्या न जेवता बसून राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जी कंबर कसली ती कसली. ह्या कचेरीतून त्या कचेरीत, ह्या साहेबाकडून त्या साहेबाकडे. मिस्त्री त्यांना स्कूटरवरून सोडायचे आणि बाहेर झाडाखाली उभे राहायचे. लोक म्हणायचे, बाईंच्या डोक्यात पक्षी शिरलेत.

शेवटी गावाच्या सभागृहात सुनावणी झाली. ती मिस्त्रींना अजून शब्दन् शब्द आठवत होती. रेतीवाला उठला आणि सगळ्यांदेखत बहिणीला म्हणाला, "ताई, आपण दोघं हीच अंडी खाऊन मोठे झालो. सांग ना ते सगळ्यांना."

बाई म्हणाल्या, "हो, खाल्ली. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ली. आणि तेव्हा पक्षी उडाले की ऊन झाकलं जायचं, तेही मी सगळ्यांना सांगते. तुला दुसरं काम मिळेल, छोट्या. त्यांना दुसरी रेती मिळणार नाही."

किनारा राखीव झाला. लव्हाळे कापणाऱ्यांना आणि गळ टाकणाऱ्यांना ठरावीक दिवस, ठरावीक जागा मिळाव्यात म्हणून बाईच पुन्हा साहेबांशी भांडल्या. ट्रकांना मात्र वाट कायमची बंद झाली. रेतीवाल्यानं ट्रक विकले, गोदामावर पहारेकरी म्हणून लागला, आणि बहिणीच्या दारात पाऊल टाकायचं त्यानं सोडलं. रस्त्यात समोर आला तर दुसऱ्या बाजूनं जायचा. बाई पहिली काही वर्षं त्याच्याकडे निरोप पाठवत राहिल्या. मग त्याही थांबल्या.

आणि आता राखीव किनाऱ्याच्या दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट होती, पक्षी बघायला आडोसा होता, शाळांच्या सहली होत्या, तोफेएवढाले कॅमेरे घेऊन येणारे शहरी पाहुणे होते. विणीच्या दिवसांत दांड्याच्या टोकाला दोरी बांधली जाई आणि तिच्यापलीकडे कोणालाही पाऊल टाकायची बंदी असे. तो नियमही बाईंचाच.

त्यांचं विसरणं सुरू झालं ते आधी हसण्यावारी गेलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, तेव्हा दोघंही पोट धरून हसली होती. मग भाजी आणायला गेलेल्या बाई बंद शाळेच्या फाटकाशी उभ्या सापडल्या, घंटा का होत नाही म्हणून शिपायाला विचारत. डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं आणि हा आजार मागे फिरणारा नाही असं सांगितलं. अलीकडची वर्षं आधी पुसली जातील, म्हणाले, जुनी सर्वांत शेवटी.

मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं होतं. पण त्याचा अर्थ त्या दुपारी टेबलावर ठेवलेल्या टोपीत त्यांना दिसला. बाईंची शाळा गेली होती, सुनावणी गेली होती, राखीव किनारा गेला होता, आणि बहुधा ते स्वतःही गेले होते. उरली होती ती टोपली घेऊन रेतीवर जाणारी एक मुलगी.

त्यांनी बाईंना भात कालवून भरवला आणि निजवलं. शेजारीण त्यांच्यापाशी बसली. मग टोपी रुमालानं झाकून ते स्वतःच राखीवच्या चौकीवर गेले.

चौकीवरची रक्षक तिशीतली होती. चौथीत बाईंच्या हाताखालून गेलेली. त्या दिवशी दांड्यावर रडलेली मुलगी ती हीच. तिनं रुमाल बाजूला केला आणि एक अंडं उचलून गालाला लावून बघितलं.

"गार झालीत, काका."

"परत नेऊन ठेवली तर?"

"कुठल्या खळग्यातलं कुठलं, काय कळणार? आणि मी आत्ता पुन्हा आत शिरले तर उरलेले पक्षीही उठतील. ते उठले की कावळे टपलेलेच असतात." तिनं टोपी बाजूला ठेवली. "कोणी केलं?"

मिस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी टोपीकडे नुसतं बोट दाखवलं. ती टोपी तिच्याही ओळखीची होती.

रक्षकनं रुमाल पुन्हा टोपीवर ओढला. "काका, मी हे वर कळवताना 'अनोळखी इसम' म्हणेन. पण पुन्हा होऊ देऊ नका. एवढं करा माझ्यासाठी."

त्या दिवसापासून पुढच्या दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली मिस्त्रींच्या खिशात गेली. मिस्त्री डोळ्यांत तेल घालून राहू लागले. दिवस बरा असला तर बाई त्यांना ओळखायच्या, इंजिनाच्या पंपाला अजून गळती आहे का म्हणून विचारायच्या. पण दुपार कलली की कुठूनशी एक भीती त्यांच्या अंगात यायची. दार हलवायला लागायच्या.

"उघडा हो. छोट्याला रेतीवर सोडून आलेय मी. पाणी चढायला लागलंय. तो लहान आहे, त्याला कळायचं नाही."

"छोट्या ठीक आहे. घरी आहे तो त्याच्या."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कोण?"

त्या रडायच्या, कढ काढून रडायच्या, आणि त्यांना कुठल्या शब्दानं थोपवावं ते मिस्त्रींना सुचत नसे. जन्मभर त्यांनी बंद पडलेली इंजिनं कान लावून चालू केली होती. इथे त्यांनी हात टेकले. रविवारी लेकीचा फोन आला की "ठीक आहे सगळं" म्हणायचे, आणि लेक म्हणायची, "बाबा, तुमच्या आवाजावरून कळतं मला. इकडे या दोघं." लेक समुद्रापासून दूर, आतल्या शहरात राहायची. मिस्त्री विषय बदलायचे.

एका दुपारी दार हलवून हलवून बाईंच्या बोटांची सालं निघाली. मिस्त्रींनी त्यांना औषध लावलं, शेजारणीला बोलावून बसवलं आणि ते सरळ गोदामावर गेले.

रेतीवाला फाटकापाशी स्टुलावर बसला होता. केस पार पांढरे झाले होते, पण खांदे अजून ट्रकवाल्याचेच. भावजींना बघून तो उठला नाही.

"काय झालं? मेली का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तुला शोधतेय."

"इतक्या वर्षांनी?"

"तिच्यासाठी तेवढी वर्षं झालेली नाहीत. तू लहान आहेस आणि रेतीवर एकटा आहेस, असं वाटतं तिला. रोज रडते. माझ्यानं बघवत नाही."

रेतीवाल्यानं तोंड फिरवलं. "भावजी, माझी आयुष्यभराची कमाई तिनं एका दुपारी मातीत घातली. सगळ्या गावासमोर. मी ठरवलं होतं, ती येईल, चुकलं म्हणेल, मग बघू. आणि आता तुम्ही सांगताय की तिला आठवतच नाही."

"नाही आठवत."

"मग मी भांडू कोणाशी?"

मिस्त्री परत निघाले. रस्त्याच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून पावलं वाजली. रेतीवाला त्यांच्या बरोबरीनं चालू लागला.

घरात बाई खिडकीशी उभ्या होत्या. भाऊ दारातच थबकला. शेवटचं समोरासमोर पाहिलं तेव्हा ताठ मानेनं सभागृहात उभी असलेली बहीण त्याच्या डोळ्यांसमोर असणार. समोर होती ती खांद्यावरून घसरलेला स्वेटर घातलेली, वाळकी बाई. तिनं वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. ओळखलं नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही दांड्याकडून आलात का? माझा भाऊ दिसला का तिथे? एवढा आहे. निळा सदरा आहे त्याच्या अंगात."

रेतीवाला खाली वाकला, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळू म्हणाला, "दिसला. मीच त्याला उचलून घरी पोचवला. कोरडा आहे. तुझ्या आईनं त्याला जेवायला वाढलंय."

"रडत होता का?"

"नाही. ताई येते म्हणाली होती, असं सांगत होता."

बाईंनी डोळे मिटले आणि सुटकेचा असा निःश्वास टाकला की खोलीतली हवासुद्धा सैलावली. मग म्हणाल्या, "बसा ना, काका. दमला असाल." रेतीवाला बसला, आणि बसल्या बसल्या त्यानं दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला. मिस्त्री चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि पाणी उकळून आटेपर्यंत तिथेच उभे राहिले.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. पहाऱ्याची पाळी त्यानं सकाळची करून घेतली आणि दुपार कलायच्या आत तो हजर असे. रोज बाई त्याला तोच प्रश्न विचारायच्या आणि रोज तो तेच उत्तर द्यायचा, जराही न कंटाळता. निळ्या सदऱ्याची गुंडी तुटली होती, तीही लावून दिली, असं एकदा त्यानं मनचं जोडून दिलं, तेव्हा बाई खुदकन हसल्या. पुढे तिघं मिळून फळ्यांच्या वाटेवरून फिरायला जायला लागली. राखीव झाल्यापासून रेतीवाल्यानं तिथे पाय ठेवला नव्हता. पहिल्या दिवशी तो कठड्याला हात लावून उभा राहिला आणि सगळीकडे बघत म्हणाला, "चांगलं केलंय." इतकंच. बाई ऐकत नव्हत्या. पाण्यातल्या खेकड्याकडे बोट दाखवत होत्या. ते ऐकायला हव्या होत्या त्या बाई कधीच निघून गेल्या होत्या, आणि हे दोघांनाही कळत होतं.

ते थोडे आठवडे बरे गेले. लेकीला "ठीक आहे" म्हणताना मिस्त्रींना खोटं बोलावं लागत नव्हतं.

मग तो उन्हाचा दिवस आला. रेतीवाल्याच्या गोदामात माल उतरायचा होता म्हणून तो यायला उशीर होणार होता. मिस्त्री बाईंशेजारी पलंगावर आडवे झाले आणि महिनोन् महिने साठलेली झोप त्यांच्यावर कोसळली. किल्ली खिशातून पलंगावर घसरली असावी. जागे झाले ते रेतीवाल्याच्या हाकेनं. दार उघडं होतं.

कुठे शोधायचं हा प्रश्नच नव्हता. दोघं म्हातारे ऊर फुटेस्तोवर चालले. लांबूनच वर आभाळात भिरभिरणारे पक्षी दिसले, आणि तो चिरका कालवा ऐकू आला. दोरीपाशी पाहुण्यांचा घोळका उभा होता; एक जण कॅमेरा लावून होता, त्याला रेतीवाल्यानं खांद्याला धरून बाजूला सारलं.

पलीकडे, पक्ष्यांच्या वसाहतीच्या मधोमध, बाई मांडी घालून बसल्या होत्या. रेतीवर बोटानं रेघा ओढत होत्या. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. रक्षक नुकतीच तिथे पोचली होती, आणि एकेक पाऊल बघून टाकत त्यांच्याकडे जात होती. पक्षी खाली झेपावून तिच्या डोक्यावर चोची मारत होते. तिनं हातसुद्धा वर केला नाही.

"बाई, चला."

"पाढे संपू देत," बाई म्हणाल्या.

रक्षकनं त्यांच्यासमोर गुडघे टेकले. आजूबाजूच्या खळग्यांत पिल्लं होती, अंड्यातून बाहेर येऊन एकदोन दिवसच झालेली. एरवी आईबाप पोटाची सावली धरतात. आज ते वर घिरट्या घालत राहिले आणि खाली ऊन तापत राहिलं. रेतीच्या रंगाचे ते गोळे जिथल्या तिथे मान टाकून पडले होते. रक्षकच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. "रडू नये, बाळ. कोणत्या वर्गातली तू?"

"चौथीतली," ती म्हणाली.

बाईंना हाताला धरून तिनं बाहेर आणलं. दोरीशी आल्यावर मिस्त्रींनी काही बोलायचा प्रयत्न केला, पण तिनं मान हलवली. "काका, दुसरं कोणी असतं तर मी त्याला सरळ पोलिसांत दिलं असतं. ह्यांना मी काय सांगू? नियम ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच?" आणि मग आवाज खाली आणून, "हे मात्र मला लपवता यायचं नाही."

चारेक दिवसांत उरलेले पक्षी दांडा सोडून गेले. एका सकाळी रेती नुसती रिकामी होती. गावात चर्चा व्हायची ती झालीच. जिनं सगळ्यांना बाहेर काढलं तिनंच आत जाऊन वाट लावली, असं दुकानाच्या पायरीवर कोणी तरी बोललं. रेतीवाला तिथेच उभा होता. एके काळी हेच वाक्य त्यानं चवीचवीनं ऐकलं असतं. त्या दिवशी तो त्या माणसाच्या अंगावर धावून गेला, आणि दोघांना सोडवायला लोकांना मधे पडावं लागलं.

राखीवच्या लोकांनी बाईंवर काही केलं नाही. एक साहेब घरी येऊन गेले, मिस्त्रींना फार अदबीनं म्हणाले, पुढच्या हंगामात काही व्यवस्था करता आली तर बरं. बाईंनी त्यांना पाणी आणून दिलं आणि ते गेल्यावर विचारलं, "हे आपले पाहुणे होते का?"

मिस्त्रींनी त्या संध्याकाळी लेकीला फोन लावला. "येतो आम्ही," म्हणाले. लेक पलीकडे नुसतं "बरं, बाबा" म्हणाली.

रेतीवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो भडकला. "तिथे काय आहे? भिंती. तिचा जन्म ह्या पाण्यापाशी गेला. तिला इथून उपटून नेलीत तर महिनाभरही काढणार नाही ती."

"मग मी काय करू? तिला बांधून ठेवू?"

"मी नोकरी सोडतो. दिवसभर बसतो तिच्यापाशी."

"तू किती दिवस बसशील? मी किती दिवस? आपल्या दोघांच्याही गोवऱ्या स्मशानात पोचल्यात, छोट्या." त्याला ह्या नावानं हाक मारायची मिस्त्रींची ती पहिलीच वेळ होती. "आणि पुन्हा ती तिथे जाऊन बसली तर? तिच्या हातून ते तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही मला. तिला कळत नसेल. मला कळतं ना."

रेतीवाला खाली मान घालून बसला. म्हणाला, "कधी निघताय?"

जावई गाडी घेऊन आला. सामान थोडंच होतं. मिस्त्रींनी हत्यारांची पेटी धक्क्यावरच्या एका कारागिराला देऊन टाकली. रेतीवाल्यानं बहिणीला धरून गाडीत बसवलं. बाईंनी काच खाली करून त्याला विचारलं, "काका, माझा भाऊ?"

"पुढे गेलाय," तो म्हणाला. "तिथेच भेटेल तुला."

गाडी वळेपर्यंत तो रस्त्यातच उभा होता.

त्याचं म्हणणं खरं ठरलं नाही. बाई तिथे सुकल्या नाहीत, झुरल्या नाहीत. लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या दोन आठवड्यांत रुळल्या. समोर एक शाळा होती. तिची घंटा झाली की त्या केस सारखे करायच्या, आणि सुटली की गॅलरीतून मुलं बघायच्या. दुपारची ती भीती कमी कमी होत गेली आणि एक दिवस आलीच नाही. छोट्याचं नावही त्यांच्या तोंडी येईनासं झालं. समुद्राचं तर त्यांनी एकदाही काढलं नाही. अंगावर जरा मांस चढलं. लेक म्हणायची, "बघा बाबा, उगाच घाबरत होतात तुम्ही."

मिस्त्री हो म्हणायचे. बायकोच्या जिवाची तगमग होईल म्हणून त्यांनी मन घट्ट करून ठेवलं होतं, आणि तगमग त्यांचीच होत होती. पहाटे जाग आली की ते कान देऊन पडून राहायचे. लाटेचा आवाज नाही, होडीच्या इंजिनाची धडधड नाही. लिफ्टचा तेवढा आवाज. इतकी वर्षं आपण ह्या बाईच्या समुद्रापाशी राहतो असं ते धरून चालले होते. तो आपलाही कधी झाला हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आता ते जिला सांगायचं तिला समुद्र म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

रेतीवाल्याचा फोन यायचा, सुटीच्या दिवशी. त्याला फोनवर फार बोलता येत नसे. पुढच्या विणीच्या दिवसांत एकदा त्यानं सांगितलं की पक्षी आलेत, पण थोडेच, दांड्याच्या अगदी टोकाला. रक्षकनं त्याला दोरीपाशी बसायला खुर्ची दिली होती, तो दुपारी तिथे बसत होता. "तिला सांगा," म्हणाला.

मिस्त्री गॅलरीत गेले. बाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं, रेतीचा दांडा आहे, तिथे पक्षी येऊन अंडी घालतात, यंदा थोडे परत आलेत. ते पक्षी एका शाळेतल्या बाईंनी वाचवले, असंही सांगितलं.

बाईंनी सगळं मन लावून ऐकलं, चांगल्या घरच्या पाहुणीनं ऐकावं तसं.

"चांगल्या असतील हो त्या बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या ओळखीच्या का?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "होत्या."

समोरच्या शाळेची घंटा झाली. बाई केस सारखे करून उठल्या आणि मुलं बघायला कठड्याशी गेल्या. मिस्त्रीही उठले, आणि त्या वाकल्या तर धरता यावं म्हणून त्यांच्या मागे उभे राहिले.